शेवटचे दोन हात

आमचा कुत्रा बंडू घरी आला तेव्हा त्याचं वय साधारण पाच वर्षं होतं. साधारण म्हणायचं, कारण दात बघून डॉक्टर जे सांगतात तो अंदाजच असतो. निवारा केंद्रातून मिळालेल्या कागदावर वयापुढे 'चार ते सहा' आणि खाली एक ओळ होती : 'स्वभाव शांत, नावाला ओ देतो.' ओळ खोटी नव्हती. नाव घेतलं की तो मान वळवून बघायचा. ओ द्यायचा. फक्त यायचा नाही.

तिसऱ्याच दिवशी फाटक उघडं राहिलं आणि तो बाहेर पडला. मी मागे धावलो. मी एक पाऊल टाकलं की तो चार टाकणार, मी थांबलो की तोही थांबून मागे बघणार. शेपटी हलत होती. त्याच्या लेखी आमची पकडापकडी रंगात आली होती. "बंडू, ये! ये इकडे! ये म्हणतो ना!" असं वीसपंचवीस वेळा तरी ओरडलो असेन, आणि दर वेळी आवाज आधीपेक्षा चढा. शेवटी आमची दहा वर्षांची मुलगी बाहेर आली, त्याच्याकडे पाठ करून रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसली आणि बिस्किटाचा रिकामा पुडा चुरगाळायला लागली. तो थांबला, वास घेतला, वळला, हळूहळू तिच्याजवळ आला. आणि मी मागून झडप घालून त्याचा पट्टा धरला.

घरी पोचेपर्यंत मी त्याला बोलत होतो. शब्द त्याला कळत नसतील, सूर पुरता कळत होता. कान मागे, अंग चोरलेलं. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, समज मिळाली.

समज मिळालीच होती. त्या दिवसापासून बंडू बोलावल्यावर यायला लागला, पण दोन हातांवर येऊन थांबायचा. मोजून दोन हात. पुढचे पाय रोवलेले, मान मागे खेचलेली, नजर माझ्या हातावर. मी वाकलो की तो सरकला. खाऊ पुढे केला तर मान लांबवून दातांच्या टोकानं उचलायचा आणि पुन्हा आपल्या रेषेमागे. हे दोन हात मिटवायला आम्हाला जे चार महिने लागले, त्यांची ही हकीकत.

भरीला कानाचं दुखणं होतं. आला तेव्हाच कानात संसर्ग होता. दोन आठवडे रोज दोनदा थेंब. मी काय करायचो? प्रेमानं हाक मारायचो, "बंडू, ये ये ये," आणि आला की कान धरून बाटली उलटी. चौथ्या दिवसानंतर 'ये' म्हटलं की तो जेवणाच्या टेबलाखाली.

ओळखीतल्या एका मुलीला कुत्र्यांना शिकवण्याचा बराच अनुभव आहे. ती घरी आली, तिच्यासमोर मी हाक मारली, बंडू दोन हातांवर थांबला. ती म्हणाली, "काका, 'ये' म्हटल्यावर आजवर त्याला काय काय मिळालंय, तेवढं लिहून काढा."

लिहिलं. कानात थेंब. अंघोळ. फिरणं संपून पट्टा अडकणं. पाहुणे आले की आतल्या खोलीत रवानगी. त्या दिवशीची बोलणी. पाच गोष्टी निघाल्या, आणि जिच्यासाठी मी स्वतः जागेवरून उठलो असतो अशी त्यात एकही नव्हती.

"मग हा शब्द नासलाय," ती म्हणाली. "नासलेलं दूध उकळत बसायचं नाही. नवा शब्द घ्या." आणि तिनं तीन अटी घातल्या. नव्या शब्दानंतर त्याला दर वेळी उत्तमच काहीतरी मिळालं पाहिजे. त्या शब्दानं बोलावून त्याला न आवडणारं काही करायचं नाही. थेंब घालायचे असतील तर आपण उठून त्याच्याकडे जायचं. आणि तो येईल याची बऱ्यापैकी खात्री नसेल तर शब्द तोंडातून काढायचाच नाही. तिसरी अट मला तेव्हा पळवाट वाटली. येईल तेव्हाच बोलवायचं, तर शिकवलं काय? उत्तर पुढे मिळालं : तो न येता तुम्ही जितक्यांदा शब्द उच्चारता, तितक्यांदा त्याला शिकवता की या आवाजाकडे लक्ष नाही दिलं तरी चालतं.

शब्द आमच्या मुलीनं सुचवला. "त्यानं आपल्याशी कट्टी घेतलीय ना? मग 'गट्टी' म्हणू." हसण्यावारी नेलं, पण विचार केला तर शब्द कामाचा निघाला. छोटा, कडक व्यंजनांचा, लांबवर ऐकू जाणारा. मुख्य म्हणजे घरात चुकून कुणी बोलत नाही. 'ये' आपण दिवसातून शंभरदा म्हणतो, एकमेकांना, फोनवर. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसानं उघड्या मैदानात "गट्टी!" असं ओरडायचं, एवढीच काय ती अडचण. पहिले काही दिवस आजूबाजूला कुणी नाही हे बघूनच ओरडायचो.

पहिला आठवडा त्याला कुठूनही बोलवायचंच नव्हतं. तो शेजारी उभा असताना 'गट्टी' म्हणायचं आणि चिकनचा तुकडा द्यायचा. दिवसातून पंधरावीस वेळा, दोनचार मिनिटांच्या तुकड्यांत. चिकन नुसतं उकडलेलं. मीठमसाला नाही, आणि कांदालसूण तर अजिबात नाही, कारण ते कुत्र्यांना विषारी असतं. तुकडा हरभऱ्याएवढा. वरखाऊ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शापलीकडे जाऊ नये म्हणतात, म्हणून जेवण तेवढं कमी केलं.

ही रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉवचीच युक्ती. आधी आवाज, मग अन्न, असं पुरेशा वेळा झालं की नुसत्या आवाजानं तोंडाला पाणी सुटतं. शाळेत शिकलो होतो. तरी करताना चुकलोच. पाचव्या दिवशी बायकोनं मोबाइलवर आमचा सराव टिपला आणि मला दाखवला. मी 'गट्टी' म्हणायच्या आधीच बंडूचे कान उभे राहत होते. का, तर माझा हात शब्दाच्या आधी खिशाकडे जायचा. म्हणजे पाच दिवस मी त्याला शब्द नव्हे, माझं कोपर शिकवत होतो. लांबून कोपर दिसणार नव्हतं, हाक मारली असती तर त्याच्या दृष्टीनं काहीच घडलं नसतं. मग चिकनची वाटी फळीवर गेली, हात पाठीमागे. शब्द. मनात 'एक'. मग हात वाटीकडे. तीन दिवसांनी शब्द उच्चारताच तो फळीकडे बघायला लागला, तेव्हा जमलं.

आता ते दोन हात.

त्यासाठी मला जमिनीवर बसवण्यात आलं. समोरासमोर नाही, तिरकं, नजर बाजूला. उभ्या माणसानं वरून वाकून डोक्याकडे हात नेणं हे भेदरलेल्या कुत्र्याला अंगावर आल्यासारखंच वाटतं, आणि आपण सगळे नेमकं तेच करतो, वर त्याला कुरवाळणं म्हणतो. माझं काम एवढंच : उजवा हात, तळवा वर करून, त्याच्या हनुवटीच्या दिशेनं चार बोटं सरकवायचा, थांबायचं, डाव्या हातानं तुकडा द्यायचा, उजवा मागे घ्यायचा. चार बोटं. हात हलला की चिकन येतं, एवढाच संदेश. तो मागे सरकला तर चूक माझी, पुढच्या खेपेला दोन बोटं.

पहिल्या दिवशी माझा हात त्याच्यापासून वीतभर लांब राहिला. चौथ्या दिवशी मिशांना लागला. त्यानं नाक फेंदारलं, पण हलला नाही. मधे एकदा मला शिंक आली आणि दोन दिवसांची कमाई गेली. आठव्या दिवशी बोटं पट्ट्याच्या कडेला टेकली. नुसती टेकली. तुकडा. दहाव्या दिवशी पट्ट्यात एक बोट अडकवून सोडलं. तुकडा. अकराव्या दिवशी मी हात पुढे केला आणि अर्ध्यावर थांबवला, तर उरलेलं अंतर बंडूनं ओलांडलं आणि हनुवटी तळव्यावर ठेवली. गळ्याखालची कातडी गरम आणि सैल होती, आणि चिकनच्या वासानं त्याची लाळ माझ्या मनगटावर गळत होती. मी तुकडा द्यायचं विसरलो. त्यानं एक डोळा वर करून आठवण करून दिली.

'बोलावल्यावर येणं' म्हणजे धावत येणं असं आपल्याला वाटतं. पण जवळ येऊन हाताला लागत नसेल तर त्या येण्याचा उपयोग काय? रस्त्यावर गाडी येत असताना दोन हातांवर नाचणारा कुत्रा न आल्यासारखाच. लोक धावण्याची तालीम करतात आणि पट्टा धरायची करत नाहीत. मी तर तीही उलटी केली होती.

यानंतरचा घरातला भाग भराभर गेला. मी स्वयंपाकघरात, मुलगी बाहेरच्या खोलीत, आळीपाळीनं हाक. पोचला की आधी पट्ट्याला हात, मग तुकडा. मुलगी वहीत रेघा मारायची. दहातले नऊ झाले की एक खोली लांब. दत्तक कुत्र्यांसाठी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशेब सांगतात : तीन दिवसांत धक्का ओसरतो, तीन आठवड्यांत रुटीन कळतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. कुत्र्यांनी तो वाचलेला नसतो. आमचे तीन आठवडे सहज सहा झाले.

मग अंगणात गेलो आणि बंडू ठार बहिरा झाला.

पाच पावलांवर उभा राहून म्हणालो, "गट्टी!" कान हलला नाही. मला खरंच शंका आली, संसर्गानं कान गेला की काय. डॉक्टरांनी तपासलं, कान स्वच्छ, पाठीमागे किल्ल्या वाजवल्या तर गर्रकन वळला. त्या मुलीला फोन केला तर ती हसली. "काका, तो 'गट्टी' शिकलाच नाहीये. तो 'स्वयंपाकघरातली गट्टी' शिकलाय." कुत्री एका जागी शिकलेलं आपसूक दुसऱ्या जागी लावत नाहीत. फरशी, भिंती, वाटी, माझी चप्पल, हे सगळं त्याच्या लेखी धड्याचा भाग. अंगणात नवे वास, त्यामुळे पहिल्यापासून सुरुवात. फक्त आठवड्याचं काम दोन दिवसांत झालं. पुढे प्रत्येक नव्या जागी तेच : एक पाऊल मागे जाऊन सुरुवात, दर खेपेला थोडी लवकर गाडी रुळावर.

मैदानासाठी दहा मीटरची दोरी आणली. ती गळपट्ट्याला नाही, छातीभोवती बांधायच्या हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला. पूर्ण वेगात धावणारा कुत्रा दोरीच्या टोकाला पोचला तर झटका मानेला बसू नये म्हणून. दोरी हाताला गुंडाळायची नाही, हातमोजे घालायचे, असं मला सांगितलं होतं. पूर्ण विजार घाला, असं कुणी सांगितलं नव्हतं. एका कावळ्यामागे तो सुटला आणि दोरी माझ्या उघड्या पोटरीवरून सर्रकन गेली. तो वळ अजून दिसतो.

दोरी ओढून आणण्यासाठी नसते हे मात्र मला उशिरा कळलं. ओढून आणलेला कुत्रा आलेला नसतो, आणलेला असतो. दोरीचा उपयोग एवढाच, की पळून जाण्यातली मजा त्याला लुटता येऊ नये. हाक एकदाच. आला नाही तर दुसरी हाक नाही. मी गप्प राहून दोरीच्या कडेनं जवळ जायचो, किंवा पाठ फिरवून उलट्या दिशेनं पळत सुटायचो. हा उपाय गुडघ्यांना जड, पण रामबाण. फाटक उघडं राहिलं त्या दिवशी तो पळत होता, मी मागे होतो. आता मी पळतोय आणि तो मागे. पकडापकडी त्याला आवडतेच, फक्त पळायची पाळी माझी.

सगळ्यात मोठा फरक पडला तो चिकननं नाहीच. डेव्हिड प्रेमॅक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये एक नियम मांडला : प्राण्याला जे करायला जास्त आवडतं, ते कमी आवडणाऱ्या कामाचं बक्षीस म्हणून वापरता येतं. आजी म्हणायची, आधी पाढे, मग खेळ, तेच. बंडूला मैदानात चिकनपेक्षा एका झुडपाचा बुंधा प्रिय होता. हाक मारली, आला, पट्ट्याला हात, तुकडा, आणि लगेच "जा!" परत बुंध्याकडे. पहिल्यांदा तो गेलाच नाही, दोन पावलं जाऊन मागे बघत राहिला. त्याच्या अनुभवात आजवर बोलावणं म्हणजे खेळ खलास. त्या दिवशी मी दहादा बोलावलं आणि नऊदा सोडलं. पुढच्या आठवड्यात त्याचं येणं बदललं. आधी दुडकत यायचा, आता कान उडवत. आजही घरी निघताना मी त्याला हाक मारत नाही. चालत जातो, शेजारी बसतो, थोडं खाजवतो, मग पट्टा.

बक्षीसही बदलतं ठेवलं. कधी एक तुकडा, कधी चीज, अधूनमधून अवघड प्रसंगी आला तर एकामागून एक आठ तुकडे. हाक आली की आज काय निघतंय हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो बघायला येतो. काहीच मिळालं नाही, असं मात्र मी होऊ देत नाही. शिकला आता, खाऊ बंद, या घाईनं चांगली शिकलेली कुत्री बिघडतात, असं माझं मत झालंय. आपण पगार बंद झाल्यावर किती दिवस कामावर गेलो असतो?

या काळात सल्ल्यांना तोटा नव्हता. एका गृहस्थांनी विजेचा झटका देणारा पट्टा सुचवला. "अहो, आठवड्यात सरळ येईल." मी बंडूच्या जागी उभं राहून पाहिलं. झटका बसेल त्या क्षणी तो ज्याच्याकडे बघत असेल, लहान मूल, दुसरा कुत्रा, त्याच्याशी ते दुखणं जोडलं जाणार नाही कशावरून? आणि आमचा मूळ आजारच हा होता, की माझ्या आवाजानंतर वाईट काहीतरी घडतं. त्याला आणखी वीज कशाला जोडायची!

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मांजर आडवं गेलं. शब्दशः. मी फुशारकीत होतो, दोरी हातातून सोडून जमिनीवर घसटत ठेवली होती. मांजर दिसलं, बंडू सुटला, आणि मी "गट्टी! गट्टी! गट्टी!" असा बोंबलत सुटलो. सगळ्या अटी एका श्वासात धुळीला. दोरी एका बाकाच्या पायाला अडकली म्हणून थांबला, नाहीतर रस्ता पुढेच होता. मी जवळ गेलो तेव्हा धापा टाकत होता, आणि मला बघून अंग चोरलं. पहिल्या दिवशीसारखं. मी बोललो नाही. बाजूला तिरका बसलो, हात तळवा वर करून ठेवला. बराच वेळ गेला. हनुवटी आली. त्यानंतर आठवडाभर पुन्हा दहा मीटरची दोरी हातात, आणि मांजराच्या वाटेला जायचं नाही.

चौथ्या महिन्यात, चहूबाजूंनी जाळी असलेल्या एका मैदानात, दोरी पहिल्यांदा काढली. पार पलीकडच्या कोपऱ्यात त्याला जाऊ दिलं. मान खाली, वासात गुंग. मी वाट बघितली. नाक जमिनीला चिकटलेलं असताना हाक मारायची नाही, हे एव्हाना अंगवळणी पडलं होतं. त्यानं मान वर केली, तेव्हा एकदाच म्हणालो. आला. शेवटच्या दहा पावलांत वेग कमी केला नाही, सरळ माझ्या गुडघ्यांवर आदळला आणि हनुवटी तळव्यावर आपटली. शेजारून एक बाई तिच्या कुत्र्याला घेऊन चालल्या होत्या. "काय म्हणालात त्याला?" त्यांनी विचारलं. मी मोठ्यानं सांगितलं.

उघड्या जागी आजही दोरी असते. मांजराचं अजून जमलेलं नाही. चाळीस पावलांवरचं मांजर असेल तर येतो, दहावरचं असेल तर मी विचारतच नाही.

मागच्या महिन्यात कान पुन्हा बिघडला. तेच थेंब, दिवसातून दोनदा. बाटलीच्या झाकणाचा आवाज झाला की बंडू उठतो आणि सावकाश टेबलाखाली जाऊन बसतो. मी हाक मारत नाही. बाटली हातात घेऊन खाली वाकतो, टेबलाची कड डोक्याला लागते, आणि उरलेले दोन हात मी गुडघ्यांवर सरकत जातो.